माशीचं वजन

माझी अर्धी जिंदगी थुंकण्यात गेली. आधी पोटासाठी थुंकलो, मग रोगापायी. पोटासाठी थुंकलो तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. रोगापायी थुंकलो तेव्हा तेच लोक नाकाला धोतराचा सोगा लावून लांब झाले. मला दोन्हीची सारखीच किळस येते, म्हणून पहिल्याच ओळीत लिहून मोकळा झालो.

आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात टीबीच्या गोळ्या मिळतात त्या दिवशी बाकावर माणसं बसलेली असतात. पदर, रुमाल, दुपट्टा, हाताला लागेल त्यानं तोंड झाकून. रोग दुसऱ्याला लागू नये म्हणून झाकलं असतं तर मी काही बोललो नसतो. ओळखीचं कोणी पाहील म्हणून झाकतात. तिथली नर्सबाई मला म्हणाली, "बाबा, गोळ्या नव्हत्या त्या काळात तुमी वाचले. सांगा ना या लोकाइले दोन शब्द." मी उभा राहिलो आणि तोंडातून पहिली शिवीच निघाली. बाई म्हणाली, "राहू द्या बाबा. लिहून द्या."

तिसरीपर्यंत शिकलो. जसं सुचतं तसंच लिहिता येतं. वाचायचं तर वाचा.

धंदा

माझं नाव दगडू. माझ्या आधीची दोन लेकरं गेली म्हणून आईनं असं नाव ठेवलं, की यमालाही उचलू वाटू नये. नाव दगड, पण अंग काडीचं. आमच्या रिठद गावची थोडी जमीन मोठ्या भावाच्या हवाली करून बाप कामठीच्या छावणीत गेला. तिथे गोऱ्या सोल्जरांच्या खानावळीत भाजी चिरायचा. मी त्याच्यासोबत. संध्याकाळी सोल्जर लोक कातड्याचे मोजे घालून एकमेकांना ठोसे मारत. एक दिवस गंमत म्हणून त्यांनी माझ्या हातांना मोजे बांधले आणि एका तांबड्या तोंडाच्या सोल्जरासमोर मला ढकललं. त्याचा एकही ठोसा मला लागला नाही. मी मोठा बहाद्दर होतो म्हणून नव्हे. माझ्या अंगात ठोसा लागण्याजोगी जागाच नव्हती.

पुढे मुंबईच्या एका मॅनेजरनं मला हेरलं. त्याचं नाव लिहीत नाही, त्याला नातवंडं असतील. तंबूत, थेटरात, कधी सर्कशीच्या रिंगणात तो तिकीट लावून बॉक्सिंगचे सामने भरवायचा. मुंबई, जबलपूर, कलकत्ता, एकदा बोटीनं कोलंबो. बोर्डावर माझं नाव 'बेरारचा वाघ', आणि काट्यावर मी माशी. आमच्या गटाला फ्लायवेट म्हणत, आणि फ्लाय म्हणजे माशी हे मला मॅनेजरनंच हसत हसत सांगितलं. आठ स्टोनाच्या, म्हणजे आताच्या पन्नासेक किलोच्या, आत भरलं तर माशी. वर एक छटाक गेलं तर सामना नाही, अन् सामना नाही तर भाकर नाही.

लोकांना रिंगणातला मार दिसतो. मार मला कधी जड गेला नाही. जड गेला तो काटा. मी चार घास नीट खाल्ले की माझं अंग आठ स्टोनाच्या वर जायचं. वजन सामन्याच्या दिवशी सकाळी, म्हणून आधीचे दिवस मला 'सुकवायचे'. हाच शब्द होता, मिरच्या सुकवतात तसा. अंगावर दोन घोंगड्या टाकून बेकरीच्या भट्टीजवळ बसवायचे. पाणी बंद. वरून एरंडेल. अंगातला घामही संपला की तोंडात चिंच द्यायचे आणि हातात बाटली. चिंच चोखायची, तोंडाला पाणी सुटलं की बाटलीत थुंकायचं. मॅनेजर बाटली उजेडाकडे धरून पाहायचा. "शाबास दगडू, अजून चार बोटं भर." त्या बाटलीचा वास अजून माझ्या नाकातून गेलेला नाही. आमच्या घरी पुढे कधी चिंचेचं सार झालं नाही.

मी जिंकलो पुष्कळ. त्यातलं एकही सांगत बसणार नाही. कोणाचं नाक मोडलं, कोणाचा दात माझ्या मोज्यात रुतून बसला, आणि लोक शेंगा खात 'और मारो, और मारो' ओरडले. सांगण्यासारखं त्यात काय आहे? शेंगांची टरफलं आमच्या घामाला चिकटायची, एवढं आठवतं.

केनवडचा नाला

दोन सामन्यांच्या मध्ये लग्न झालं. गिरजा वाशीमजवळच्या बागाईतदाराची मुलगी. वांगी, मेथी, कांद्याची पात, सगळं त्यांच्या मळ्यात व्हायचं आणि बाजारात तीच बसायची. आमच्या घरी आल्यावर तिनं मला पहिल्यांदा तोंड उघडून विचारलं ते हे.

"तुमी काय काम करता म्हने?"

"ठोसे मारतो."

"कोनाले?"

"जो समोर येईन त्याले."

"काहून? त्यानं काय केलं?"

मी तिला फ्लायवेट म्हणजे काय ते सांगितलं. ती पदर तोंडात धरून हसली. "आमी तं माशीले हाकलून देतो बाप्पा. तुमाले बोलावून पैसे देतात?"

त्याच पावसाळ्यात केनवडच्या बाजाराला जाताना वाटेतल्या नाल्याला पाणी आलेलं होतं. वांग्यांची टोपली डोक्यावर घेऊन ती काठावर थांबली. बाजार चुकला तर वांगी सडतील, एवढीच तिला काळजी. मी तिला दोन्ही हातांवर उचललं, टोपली तिच्या मांडीवर, आणि पाण्यात उतरलो.

"पाडसान मले! माशीच्या जिवावर कुठी चालली मी!"

"गप राय, वांगे पडतीन."

"वांग्याचीच काळजी करा!"

पाणी कमरेपर्यंत लागलं. ती एका हातानं माझी मान धरून, दुसऱ्या हातानं टोपली धरून, नाला संपेपर्यंत मला शिव्या देत होती. पलीकडे उतरवलं तर म्हणाली, "दम नाई लागला तुमाले." लागला नव्हता. मी तेव्हा धडधाकट होतो, आणि ती भरलेल्या अंगाची होती. ही गोष्ट इथे काहून लिहिली ते शेवटी कळेल.

वजन आपोआप उतरलं

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या थोडं आधीची गोष्ट. मुंबईत सामना ठरला. मी भट्टीजवळ बसायच्या तयारीनं गेलो आणि सहज काट्यावर उभा राहिलो, तर आठ स्टोनाच्या आत. न सुकवता. मॅनेजरनं मला मिठी मारली. "आता शिकलास तू दगडू! आता अंग ऐकायला लागलं तुझं." त्यानं मला दूध पाजलं. इतक्या वर्षांत वजनाच्या आदल्या दिवशी मी पहिल्यांदा दूध प्यालो. मीही खुश. खोकला होता, पण तंबूतल्या धुळीनं सगळेच खोकायचे.

सामन्यात तिसऱ्या फेरीला तोंडातून रक्त आलं. समोरच्या पोराचा ठोसा माझ्या खांद्याला लागला होता, तोंडाला नाही. ते मला माहीत होतं, त्याला माहीत होतं. तो थांबला आणि माझ्याकडे बघत राहिला. लोकांना वाटलं मोठा तडाखा बसला. ते उभे राहून ओरडायला लागले. मॅनेजरनं ओला पंचा माझ्या तोंडात कोंबला आणि म्हणाला, "पब्लिक गरम आहे, उतरू नको." मी उतरलो नाही. जिंकलो. माझ्या उरातलं रक्त बघायला त्यांनी तिकीट काढलं होतं, आणि त्यांना ते बघायला मिळालं.

घरी आलो तर गिरजानं माझ्याकडे पाहिलं आणि मला अकोल्याच्या गाडीत बसवलं. डॉक्टरनं छातीला नळी लावली, पाठीवर बोटं वाजवली. विचारलं, "वजन कमी झालं का?"

मी छाती काढून सांगितलं, "हो साहेब. या वेळी तर भट्टीपाशी बसावंच नाही लागलं."

डॉक्टरनं नळी कानातून काढली. "आनंदानं सांगतोस?" म्हणाला. मग काय झालंय ते सांगितलं.

गिरजा बाहेर पायरीवर बसली होती. वाटेत विकायला आणलेली कांद्याची पात तिच्यापाशी तशीच, कोमेजलेली.

"काय म्हने डाक्टर?"

"क्षय."

तिनं पातीची जुडी सोडली आणि परत बांधली. "आजून काय म्हने?"

"आजून काय राह्यलं आता?"

"खाले काय द्याचं थे नाई सांगतलं?"

मला तिचा राग आला. मी मरणाचं बोलतोय आणि ही खाण्याचं विचारते. ती उठली, मला तिथेच बसवून आत गेली आणि विचारून आली. परत येऊन म्हणाली, "दूध, अंडे, तूप. चाला."

वेगळं ताट

रोगाच्या दुखण्याहून घरच्यांचं वागणं जास्त झोंबतं, हे बाकावर बसणाऱ्यांना मी सांगायला नको. माझा मोठा भाऊ महादू, माझ्या मोज्यांच्या कमाईतून ज्यानं ओसरी बांधली, त्यानं मला त्याच ओसरीतून उठवून गोठ्याच्या बाजूला बाज टाकून दिली. वहिनी माझं ताट जमिनीवर ठेवून काठीनं माझ्याकडे सरकवायची. कुत्र्यालाही माणूस हातानं घालतो. मी जेवून झालं की ती ताटाखालची जागा शेणानं सारवायची, मी बघत असतानाच. मला बाजेवरून थुंकायला राखेचं मडकं होतं. ते फक्त गिरजा उचलायची. रोज आतलं पुरायची आणि परत राख भरून ठेवायची. तिला ओकारी यायची, मी पाहिलंय. गोठ्यामागे जाऊन ओकायची आणि तोंड धुऊन, जसं काहीच झालं नाही असं परत यायची.

क्षयवाल्यांच्या डोंगरावरच्या मोठ्या दवाखान्यात जागा मिळेपर्यंत मी तसाच पडून. एक दिवस गिरजानं पोहरादेवीच्या दिशेला हात जोडून सगळ्यांसमोर नवस बोलला. मी बरा झालो की देवीसमोर माझी गुळाची तुला करायची. एका पारड्यात मी, दुसऱ्यात माझ्या भाराइतका गूळ, आणि तो गूळ जत्रेत वाटून टाकायचा.

वहिनी दारातून म्हणाली, "बाई, करायचीच हाय तं आत्ताच करून टाक ना. आत्ता भावजी हलके हायेत. थोडक्यात भागन."

मी बाजेवर होतो. मला ऐकू येत होतं. माझ्या हाडांचा तिनं हिशेब केला होता. भाऊ खाली बघत सुपारी कातरत होता.

गिरजा म्हणाली, "जाऊबाई, देवीले मी उपाशी मानूस तोलून देऊ? मी त्यायले जड करून नेईन. पारडं मोडलं पायजे."

"अन् जड नाई झाले तं?"

"मंग तुमी बी गूळ खाऊ नोका."

सोमवार

दवाखाना चांगला होता, असं म्हणतात. लांब ओसरीत खाटांची रांग, एक बाजू उघडी, थंडीतही पडदा नाही. झोपून राहायचं, हेच औषध. हसायचं नाही, जोरात बोलायचं नाही. सकाळी कच्चं अंडं दुधात फेटून द्यायचे. आमच्या घरात अंड्याचं नाव काढत नव्हते, आणि इथे ते लिबलिबीत गळ्यातून उतरवायचं. प्रत्येकाच्या उशाशी झाकणाचा निळा कप. सगळ्यांनी त्यात थुंकायचं आणि सकाळी डॉक्टरनं झाकण उघडून बघायचं. मी मनात म्हणालो, दगडू, बाटली गेली अन् कप आला. काही रोग्यांच्या छातीत सुईनं हवा भरायचे, आजारी फुप्फुस दबून त्याला विसावा मिळावा म्हणून. माझ्याही भरली. ज्या बरगडीखाली ठोसा मारायला आम्हाला शिकवलं होतं, नेमकी तिथेच सुई.

आणि सोमवारी वजन. काटा बघूनच माझ्या तोंडाला चिंचेचं पाणी सुटायचं. पहिल्या सोमवारी मी सवयीनं रात्रीपासून पाणी प्यालो नाही. वजन कमी भरलं, तर डॉक्टर वैतागला. तेव्हा मला उमजलं की या दुनियेत सगळं उलटं आहे. इथे जो जड भरेल त्याला घरी सोडतात.

शेजारच्या खाटेवर गुलाबराव शिंपी होता. खामगावकडचा. त्याच्या पोरीचं लग्न तोंडावर होतं आणि त्याला घरी जायचं होतं. मी काट्याला फसवण्यात जन्म घालवलाय हे त्याला कळलं, तेव्हा त्यानं माझा पिच्छा पुरवला.

"वाघ, सांग ना बे. कसं वाढवाचं?"

"मले फक्त कमी कराचं ठाऊक हाय."

"मंग त्याच्या उलटं सांग!"

वजनाआधी लोटाभर पाणी प्यावं, हे मी त्याला सांगितलं. मीही प्यालो. बाकीचं त्यानं स्वतःचं डोकं लावलं. सदऱ्याच्या आतल्या घडीत बारीक कप्पे शिवले आणि त्यात ओढ्याचे गोटे भरले. वाजू नयेत म्हणून प्रत्येक गोटा चिंधीत गुंडाळलेला. शिंपी तो शिंपीच. दर सोमवारी एकेक गोटा वाढवला. डॉक्टरनं त्याच्या पाठीवर थाप मारून त्याला घरी सोडलं. आम्ही हळू आवाजात हसलो, मोठ्यानं हसायची मनाई होती म्हणून.

गिरजा भेटायला आली तेव्हा मी तिला पाण्याची युक्ती सांगितली. वाटलं, तीही हसेल.

ती म्हणाली, "देवीच्या पारड्यात बी पानी पिऊनच बसान काय?"

"अवं, घरी तं येऊ दे."

"घरी येऊन काय करान? थुकान?" आणि आणलेल्या तुपाची बरणी जोरात आपटून ठेवली. "मले पानी नोको. मले मानूस पायजे."

गुलाबराव पोरीचं लग्न लावून परत आला. त्याच खाटेवर. या वेळी त्याला काट्यावर उभंच राहता आलं नाही. तो गेला तेव्हा वॉर्डबॉयनं त्याचा सदरा उचलला आणि म्हणाला, "एवढा जड कसा काय?" मी भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवसानंतर मी काट्याशी खोटं वागलो नाही. अंडं गिळलं, तूप गिळलं, ओकारी आली तरी गिळलं. हळूहळू कपातलं रक्त गेलं. ताप गेला. दोन वेळा गाल आरशात पाहिले, ते माझे वाटले नाहीत.

मॅनेजर

मी घरी आल्यावर थोड्याच दिवसांत मॅनेजर रिठदला आला. कोटावर धूळ, हातात द्राक्षांची पेटी. युद्धामुळे गावोगाव पलटणी पडल्या होत्या आणि गोऱ्यांना सामने पाहिजे होते. माझ्या दंडावर हात फिरवत तो म्हणाला, "तब्येत बनवलीस गड्या. थोडा जास्तच भरलास, पण ते काय, आपण सुकवू." बैल बघतात तसं त्यानं माझ्या अंगाकडे पाहिलं. आणि मला लिहायला लाज वाटते, पण माझे हात आपोआप मुठी करून वर आले. इतक्या किळसवाण्या धंद्याची पण हाताला ओढ होती.

गिरजा आतून आली. तिच्या हातात दवाखान्यातला झाकणाचा निळा कप होता. मला अजून सकाळचा कफ पडायचा, तो त्यात. तिनं कप मॅनेजरच्या समोर, द्राक्षांच्या पेटीवर ठेवला.

"तुमाले याहिचं थुकच पायजे ना? हे घ्या. भरेल हाय. घेऊन जा."

मॅनेजर उठला. "बाई, मी तर भल्यासाठी..."

"झाकन लावून नेजा. रस्त्यात सांडन."

तो गेला. द्राक्षं आम्ही गाईला घातली. माझं बॉक्सिंग तिथेच संपलं, आणि कोणा वर्तमानपत्रानं त्याबद्दल दोन ओळी लिहिल्या नाहीत, हे बरंच झालं.

तुला

पोहरादेवीची जत्रा. माणसांची ही गर्दी. गिरजाच्या भावानं मळ्यातला मोठा काटा बैलगाडीत घालून आणला आणि लिंबाच्या फांदीला टांगला. गुळाच्या भेल्या रचलेल्या. लोक गोळा झाले. मी पारड्याजवळ गेलो, डोळे मिटून देवीला हात जोडले, आणि मग सदरा काढला. बंडी काढली. धोतर सोडलं. लंगोटीवर पारड्यात चढायला लागलो.

"हे काय करून राह्यले!" गिरजा किंचाळली.

मला खरंच कळलं नाही. इतकी वर्षं काट्यावर चढायचं म्हणजे नागवं व्हायचं, हाच रिवाज होता माझा. तिला तेवढ्यात आणखी शंका आली.

"सकाळी काय खाल्लं तुमी?"

"काई नाई."

"पानी?"

पाणीही प्यालो नव्हतो. आदल्या दिवशी दुपारपासून. कोणी सांगितलं नव्हतं. मीच मला सुकवलं होतं.

जत्रेतली माणसं पोट धरून हसली. गिरजा हसली नाही. तिनं मला खाली ओढलं, धोतर नेसायला लावलं, सदरा घालायला लावला, तिच्या भावाचं पागोटं माझ्या डोक्यावर ठेवलं, पायात वहाणा. मग तिथेच झाडाखाली बसवून भाकरी अन् पिठलं माझ्या पुढ्यात ठेवलं. "खा. सगळ्याइच्या समोर खा. लोटा बी संपवा." मी तिला म्हणालो, पाणी पिऊन बसायचं नाही म्हणाली होतीस ना. ती म्हणाली, "थे चोरीचं पानी होतं. हे तहानीचं हाय."

मी जेवलो. ढेकर दिला. मग पारड्यात बसलो. गुळाच्या भेल्यांवर भेल्या चढत गेल्या तरी माझं पारडं जमिनीवरून हलेना. मी आठ स्टोनाच्या किती वर भरलो ते मी विचारलं नाही. वहिनी आली होती. तिला गूळ मिळाला. गिरजानं स्वतःच्या हातानं तिच्या हातावर ठेवला, काठीनं सरकवला नाही.

तिचं वजन

मागच्या वर्षी गिरजा आजारी पडली. पोटाचं. या वेळी मी तिला घेऊन अकोल्याला गेलो. जवान डॉक्टर. त्यानं मला विचारलं, "आधी वजन किती होतं आजीचं?"

माझं दर सोमवारचं वजन मी आजही सांगेन. तिचं कोणी केलंच नव्हतं. ती जन्मभर दुसऱ्यांना वांगी तोलून देत राहिली, पण ती स्वतः काट्यावर कधी चढली नाही, आणि कोणी चढवली नाही. मी दवाखान्यात तूप गिळत होतो तेव्हा घरी ती काय गिळत होती, हे मला माहीत नाही.

ती तिथूनच डॉक्टरला म्हणाली, "त्यायले काय इचारता बाप्पा? त्यायले फक्त सोताचंच वजन ठाऊक हाय." आणि हसली. मला हसू आलं नाही.

मीही नवस बोललो. गिरजा बरी झाली की तिची तुला. ती बरी झाली नाही. शेवटी मी तिला उचलून अंगणात उन्हाला आणायचो, तर हातावर काहीच नसल्यासारखं. माशीच्याही खाली गेली होती. मला ते वजन आठवायचं नाही.

म्हणून बाकावर बसणाऱ्यांना सांगतो. तोंड झाकायचं तर खोकल्यापुरतं झाका, माणसांपासून नको. गोळ्या अर्ध्यात सोडू नका. आणि नर्सबाई तुमचं वजन करतील तेव्हा तुमच्यासोबत जी बाई नाहीतर जो माणूस आलाय, जो तुमचं थुंकीचं भांडं उचलतो, त्यालाही काट्यावर उभं करा. त्याचं किती उतरलं ते बघा. एवढंच मला शिकवायचं होतं.

देवाचं देणं उरलं नव्हतं, नवस फळलाच नव्हता. तरी तिचं सगळं उरकल्यावर मी पोहरादेवीला गेलो. तिथे गुळाचं दुकान आहे, बाहेर मोठा काटा.

दुकानदार म्हणाला, "बाबा, किती देऊ?"

"बायकोच्या वजनाइतका."

"किती वजन आहे आजीचं?"

"एक काम कर. मी हात पुढं करतो. तू भेल्या ठेवत जा. मी थांब म्हनलो की थांब."

"अहो बाबा, काटा आहे की समोर."

"काट्याले मी जन्मभर फसवलं. माह्या हाताले ठाऊक हाय."

मी दोन्ही हात पुढे केले, केनवडच्या नाल्यात केले होते तसे. त्यानं एक भेली ठेवली. दुसरी. तिसरी. लोक बघायला थांबले. दुकानदार म्हणाला, "बस झालं बाबा, पडाल." मी म्हणालो, ठेव. त्यानं अजून एक ठेवली आणि माझे हात खाली गेले, भेल्या मातीत पडल्या.

ती अजून अर्धीही झाली नव्हती.

मी भेल्या झटकून बाजूला रचल्या, हात पुसले, आणि परत पुढे केले.